तटाच्या आत, तटाबाहेर : तंजावूरची वाढ आणि नगररचनेचे प्रश्न



आधुनिक शहरांची वाढ हा विषय निघाला की पाठ्यपुस्तके पॅरिस, व्हिएन्ना, मुंबई, चंदीगड यांची नावे घेतात. या पाठासाठी मी तंजावूर निवडले आहे. मराठीत याला तंजावरही म्हणतात. निवडीची कारणे तीन. हे शहर मध्यम आकाराचे आहे आणि तुमच्यापैकी बहुतेकांची गावे अशाच आकाराची असतील. चोळ, नायक, मराठे, कंपनी सरकार आणि स्वतंत्र भारत अशा पाच राजवटींनी इथल्या जमिनीवर आपापल्या रेषा ओढल्या आणि त्या अजून ओळखता येतात. तिसरे कारण असे की, १९१५ च्या सुमारास इथल्या कोटातील दाट वस्तीचे काय करावे यावर झालेला विचार जगभरच्या नगररचनेच्या अभ्यासात उदाहरण म्हणून सांगितला जातो.

पाठ वाचताना एक प्रश्न मनात ठेवा. शहरातली एखादी जुनी रचना, म्हणजे तट, खंदक, तळे, बोळ किंवा रथाचा रस्ता, तिचे मूळ काम संपल्यावर कोणाच्या ताब्यात जाते? आजच्या अनेक नागरी अडचणींचे मूळ या प्रश्नाच्या उत्तरात सापडते.

१. जागा

तंजावूर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या तोंडाशी वसले आहे. शहराच्या उत्तरेला वडवार आणि वेण्णार हे प्रवाह आहेत आणि त्यांच्या पलीकडे भाताची सपाट, ओली जमीन. दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला वल्लमच्या बाजूने जमीन चढत जाते. ती जांभ्या दगडाची आणि कोरडी आहे. नकाशावर हा फरक फारसा जाणवत नाही, पण पावसाळ्यात पायी फिरलात तर लगेच कळतो.

या एका गोष्टीमुळे शहराच्या वाढीची दिशा ठरली. उत्तरेची जमीन पिकाची आणि महाग, शिवाय पाण्याखाली जाणारी. दक्षिणेची जमीन पडीक, स्वस्त आणि पाया घालायला सोयीची. म्हणून एकोणिसाव्या शतकापासून शहर दक्षिणेकडे आणि तिरुचिरापल्लीच्या रस्त्याने पसरले. शहराचा अभ्यास करताना पहिला नकाशा उताराचा आणि मातीचा काढावा. प्रशासकीय हद्दींचा नकाशा नंतर.

२. चोळांचे नगर

नवव्या शतकाच्या मध्याला विजयालय चोळाने तंजावूर जिंकले. पहिल्या राजराजाने बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. मंदिराच्या भिंतींवरील तमिळ शिलालेख हे नगररचनेच्या विद्यार्थ्यासाठी मोठे साधन आहे. देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या ४०० स्त्रियांची नावे तिथे कोरलेली आहेत. प्रत्येकीचे घर कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ओळीत, कितवे, हेही नोंदले आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी इथे रस्ता, बाजू आणि घराचा क्रम अशी पत्त्याची पद्धत होती. शिलालेखांत शहराच्या आतल्या भागाला ‘उळ्ळालै’ आणि बाहेरच्या भागाला ‘पुरंबडी’ म्हटले आहे. पेठांची आणि मोठ्या रस्त्यांची नावेही येतात.

या शहराच्या केंद्रस्थानी मंदिर होते. धान्य, तेल, तूप, दिवे, नोकरवर्ग यांची व्यवस्था मंदिराभोवती फिरत होती. पुढे राजेंद्र चोळाने राजधानी गंगैकोंडचोळपुरमला नेली आणि तंजावूरचे महत्त्व कमी झाले. राजधानी गेली, तरी मंदिर आणि त्याच्या जमिनी राहिल्या. एका राजाचा निर्णय फिरवता येतो, पण त्याने घातलेला पाया सहसा हलवता येत नाही. शहरांच्या इतिहासात हे वारंवार घडते.

३. नायकांचा कोट, मराठ्यांच्या गल्ल्या

सोळाव्या शतकात विजयनगरचे नायक तंजावुरात आले. शेवप्पा, अच्युतप्पा, रघुनाथ आणि विजयराघव या चार नायकांच्या काळात शहराला नवा सांगाडा मिळाला. मंदिर आणि त्याशेजारचे शिवगंगा तळे लहान कोटात आले. त्याच्या ईशान्येला मोठा कोट उभा राहिला आणि त्यात राजवाडा. कोटाभोवती खंदक. राजवाड्याच्या चारी बाजूंनी चार मुख्य रस्ते, ज्यांना आज पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर राजवीदी म्हणतात. शहराचा मध्य अशा रीतीने मंदिराकडून राजवाड्याकडे सरकला.

व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावूर घेतले. भोसल्यांनी नवे शहर आखले नाही. ते नायकांच्या वाड्यात राहिले, तो वाढवला आणि कोटाच्या आतली मोकळी जागा हळूहळू भरत गेली. दरबारी, कारकून, पंडित, वैद्य, गवई, शिलेदार यांची घरे उठली. राजवीदींच्या मधल्या चौकोनांत बोळ निघाले. मानोजीअप्पा वीदी, दबीर कुळम अशी नावे आजही शहरात आहेत. ‘दबीर’ हे दरबारातले पद आणि ‘कुळम’ म्हणजे तमिळमध्ये तळे. एकाच पाटीवर दोन भाषा आणि तीन शतके वाचायला मिळतात.

घरांची बांधणीही लक्षात घ्या. रस्त्याकडे तोंड अरुंद आणि खोली खूप. पुढे ओटा, ज्याला तमिळमध्ये तिण्णै म्हणतात. मध्ये चौक, मागे परसू. शेजारच्या दोन घरांत भिंत एकच. उन्हाळ्यात सावली मिळावी, चौकातून हवा खेळावी आणि थोड्या जागेत जास्त घरे बसावीत, असा हा हिशेब आहे. आजच्या नियमांप्रमाणे चारी बाजूंनी मोकळी जागा सोडायची म्हटली तर अशा जमिनीच्या तुकड्यावर घर बांधताच येणार नाही. जुन्या गावठाणातले निम्मे वाद इथेच सुरू होतात.

यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोटाच्या आत कोणी राहायचे आणि कोटाबाहेर कोणी, हे जातीने ठरत होते. अग्रहार आत, चेरी बाहेर. परसामागच्या बोळांतून कोण ये-जा करणार आणि कोणते काम करणार हेही ठरलेले होते. जुन्या नगररचनेचे कौतुक करताना ही नोंद पुसू नये.

४. पाण्याची व्यवस्था

नायक आणि मराठे यांच्या काळातली सर्वांत महत्त्वाची नागरी रचना जमिनीखाली होती. शहराच्या पश्चिमेच्या उंच भागात शेवप्पा नायकाच्या नावाचा तलाव होता. पावसाचे पाणी तिथे साठे आणि गाळ खाली बसे. निवळलेले पाणी शिवगंगा तळ्यात येई. मंदिराच्या दगडी प्रांगणावर पडणारा पाऊसही याच तळ्याकडे वळवलेला होता. तिथून जमिनीखालच्या नळांनी ते कोटातल्या अय्यनकुळम, सामंतनकुळम यांसारख्या तळ्यांत आणि राजवाड्याच्या विहिरींत जाई. या व्यवस्थेला ‘जलसूत्र’ म्हणत.

स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी यातले तत्त्व पाहावे. पंप नाही, इंधन नाही, सगळे काम उताराने होते. अशी व्यवस्था चालू राहायची तर तीन गोष्टी लागतात. पाणलोटाची जमीन मोकळी राहिली पाहिजे, दरवर्षी गाळ काढला गेला पाहिजे आणि नळ कुठून गेला आहे हे माहीत असणारा माणूस शहरात असला पाहिजे. शेवप्पनायक्कन वारी हे आज एका वस्तीचे नाव आहे. ‘वारी’ म्हणजे ‘एरी’, अर्थात तलाव. पाणी ज्या जमिनीवर साठायचे तिथे घरे झाली, तेव्हा पहिली अट मोडली. बाकीच्या दोन कशा मोडल्या ते पुढे येईल.

५. १७९९ नंतर : निकामी झालेला तट

२५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्याचा कारभार कंपनीला दिला. त्यांच्याकडे कोट आणि भोवतालचा थोडा भाग उरला. या राजाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, देवनागरी छापखाना चालवला, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग केले. रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे चालवली जात, त्यांपैकी ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र याच काळातले. १८५५ मध्ये शिवाजीराजे वारले, त्यांना पुत्र नव्हता, आणि कंपनीने उरलेली गादीही खालसा केली.

नगररचनेच्या दृष्टीने याचा अर्थ काय? तटाचे काम संपले. वेढा घालणारे कोणी उरले नाही. राजवाड्याचे कामही संपले. तट, खंदक, जलसूत्र, राजवीदी यांची देखभाल ज्या एका दरबाराच्या खर्चाने आणि हुकमाने होत होती, तो दरबारच राहिला नाही. १८६६ मध्ये नगरपालिका आली. तिच्या हाती कर वसूल करण्याचा अधिकार आला, पण दरबाराची सगळी माहिती तिच्या दप्तरात आली नाही. ती बरीचशी मोडी लिपीत, मराठी भाषेत, रुमालांत बांधलेली होती.

याच काळात जगातली अनेक शहरे तटाबाहेर पडत होती. व्हिएन्नाचा तट पाडण्याचा हुकूम १८५७ मध्ये निघाला आणि त्या जागी रिंगस्ट्रासे हा रुंद, दिमाखदार रस्ता आखला गेला. मुंबईत बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत १८६० च्या दशकात कोटाची भिंत पाडली आणि त्या पट्ट्यावर सरकारी इमारती उभ्या राहिल्या. तंजावुरात अशी एकसंध योजना झाली नाही. तट तुकड्या-तुकड्यांनी गेला. तटालगतच्या रस्त्यांना मात्र ‘अलंगम’ हे नाव राहिले. कीळ अलंगम, वडक्कु अलंगम, म्हणजे पूर्वेचा आणि उत्तरेचा तट. खंदकाच्या काठावर आणि कोरड्या पात्रात गरीब कुटुंबांनी घरे बांधली, कारण ती जमीन कोणाची हे कोणीच ठामपणे सांगत नव्हते.

नवे शहर तटाबाहेर उभे राहिले. नागपट्टिणम ते तिरुचिरापल्ली हा लोहमार्ग १८६१-६२ मध्ये झाला. त्याचे स्थानक कोटाच्या दक्षिणेला, कोरड्या जमिनीकडे ठेवले. स्थानक आणि कोट यांना जोडणारा रस्ता, आजचा गांधीजी रोड, हा शहराचा नवा कणा झाला. राजा मिरासदार रुग्णालय, दुकाने, खाणावळी या बाजूला आल्या. पुढे मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच योजनेतला कल्लणै कालवा शहरातून, मंदिराच्या दक्षिणेने गेला. लोक त्याला ‘पुदु आरु’, नवी नदी, म्हणतात. शेतीसाठी काढलेल्या या कालव्याने कोट आणि स्थानक यांच्यामध्ये पाण्याचा पट्टा टाकला. तेव्हापासून दोन्ही भागांतली सगळी वाहतूक मोजक्या पुलांवर अवलंबून आहे. पाटबंधारे खात्याचा निर्णय शहराची वाहतूक कशी ठरवतो, याचे हे सरळ उदाहरण.

६. मंद वाढ

१९०१ च्या जनगणनेत तंजावूरची लोकसंख्या सुमारे ५८,००० होती आणि कोइंबतूरची सुमारे ५३,०००. म्हणजे तंजावूर मोठे होते. २०११ मध्ये तंजावूर सुमारे २ लाख २३ हजार आणि कोइंबतूर साडेदहा लाखांच्या आसपास. एकशे दहा वर्षांत तंजावूर चौपटीच्या जवळ गेले, कोइंबतूर जवळजवळ वीसपट झाले.

कोइंबतूरला कापूस होता आणि १९३० च्या दशकात पैकाराची वीज मिळाली. त्यावर गिरण्या आणि यंत्रशाळा वाढल्या. तंजावूरचा पैसा भाताच्या जमिनीत होता. मिरासदारांना खंडातून उत्पन्न मिळे आणि शहर हे त्यांचे राहण्याचे, शिक्षणाचे, संगीताचे आणि खटल्यांचे ठिकाण होते. कारखाना नसल्याने कामगारांचे लोंढे आले नाहीत. एका अर्थाने याच मंदपणामुळे कोटातले बोळ टिकले. जिथे जमिनीला फार भाव येतो, तिथे जुने घर फार दिवस उभे राहत नाही. इतिहासातले जतन अनेकदा असे अनवधानाने होते. याचा दुसरा अर्थ असा की भाव वाढू लागला की हे आपोआप होणारे जतन थांबते. तंजावुरात ती वेळ आता आली आहे.

७. १९१५ : सरळ रस्ता की जपून केलेली शस्त्रक्रिया

आता या पाठाच्या मुख्य प्रसंगाकडे येऊ. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढायचे, मधली घरे पाडायची, म्हणजे हवा आणि उजेड येईल, हा त्याचा एक मुख्य मार्ग होता. पॅरिसमध्ये ओसमाननी १८५३ पासून हेच मोठ्या प्रमाणावर केले होते. भारतातल्या बहुतेक नगरपालिकांचे अभियंते या पद्धतीने विचार करू लागले. तंजावूरच्या कोटातल्या दाटीसाठीही नगरपालिकेकडे असाच समांतर रस्त्यांचा आराखडा होता.

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ १९१४ मध्ये भारतात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन ज्या बोटीत होते ती जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवली. मित्रांनी नवी सामग्री गोळा करून पाठवली आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन भरले. त्यानंतर गेडिस यांनी मद्रास इलाख्यातल्या अनेक शहरांवर अहवाल लिहिले. तंजावूरचा कोट त्यात आहे. पुढे १९१९ मध्ये हेच गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

त्यांची पद्धत साधी होती. आधी पायी फिरायचे. प्रत्येक बोळ, प्रत्येक पडके घर, प्रत्येक विहीर, झाड आणि रिकामी जागा नकाशावर मांडायची. मग विचारायचे, नवा रस्ता खरोखर हवा आहे का? कोटात त्यांना असे दिसले की, असलेले बोळ थोडे रुंद केले, मोडकळीस आलेली मोजकी घरे काढली आणि रिकामे तुकडे जोडून छोट्या मोकळ्या जागा केल्या, झाडे लावली, तर प्रत्येक घराला हवा मिळते आणि नवे समांतर रस्ते लागतच नाहीत. खर्चही बराच कमी येतो. या पद्धतीला त्यांनी ‘कन्झर्व्हेटिव्ह सर्जरी’ असे नाव दिले. मराठीत आपण ‘जपून केलेली शस्त्रक्रिया’ म्हणू.

हे गणितात मांडून पाहा. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, वस्तीचा एक चौकोन १०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद आहे, म्हणजे ६,००० चौरस मीटर. त्याच्या लांबीतून ९ मीटर रुंदीचा सरळ रस्ता काढला तर ९०० चौरस मीटर जागा जाते, म्हणजे १५ टक्के. सरासरी घर ९० चौरस मीटरचे धरले तर दहा घरांएवढी जागा झाली. पण रस्ता घरांच्या भिंती पाहून जात नाही. तो कोणाचा चौक कापतो, कोणाची विहीर. म्हणून प्रत्यक्षात वीसेक कुटुंबांची घरे राहण्यायोग्य उरणार नाहीत. आता दुसरा मार्ग. प्रत्येकी ८० चौरस मीटरची तीन पडकी घरे काढली तर २४० चौरस मीटर, म्हणजे ४ टक्के. विस्थापित कुटुंबे जास्तीत जास्त तीन, आणि घरे रिकामीच असतील तर शून्य.

आता या पद्धतीच्या मर्यादा. पहिली अशी की, ती वेळखाऊ आहे. सरळ रस्ता कार्यालयात बसून आखता येतो, इथे महिनोन्‌महिने फिरावे लागते. दुसरी, ती पायी चालणाऱ्यांच्या आणि बैलगाडीच्या काळातली आहे. अग्निशमन दलाची गाडी तीन मीटरच्या बोळात वळत नाही, हे आजच्या नियोजनकाराला डोळ्यांआड करता येत नाही. तिसरी, सांडपाण्याच्या नळाला उतार हवा असतो आणि वाकड्या बोळात तो सांभाळणे कठीण जाते. चौथी, ‘पडके घर’ बहुधा सर्वांत गरीब माणसाचे असते. शस्त्रक्रिया लहान असली तरी ज्याच्यावर ती होते त्याच्यासाठी ती पूर्णच असते. गेडिस वाचताना या चार प्रश्नांसकट वाचा.

यानंतर १९२० मध्ये मद्रासचा नगररचना कायदा आला आणि १९७१ मध्ये तमिळनाडूचा नगर व ग्राम नियोजन कायदा. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी याची तुलना १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाशी करावी. कायदे आल्याने आराखडा करणे बंधनकारक झाले. आधी पायी फिरून पाहणी करण्याची शिस्त मात्र कायद्याने आपोआप आली नाही.

८. आजचे चार प्रश्न

तंजावुरात १९५० च्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय महाविद्यालय आले, १९८१ मध्ये तमिळ विद्यापीठ, १९९५ मध्ये आठवी जागतिक तमिळ परिषद भरली आणि तिच्या निमित्ताने रस्ते, उद्याने, इमारती झाल्या. २०१४ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. जुने बस स्थानक, कामराज बाजार, सरफोजी बाजार यांची पुनर्बांधणी झाली, अय्यनकुळम आणि सामंतनकुळम ही तळी पुन्हा नीट केली गेली. तरीही चार प्रश्न उभे आहेत.

पहिला, वारसा आणि राहणारी माणसे. बृहदीश्वर मंदिर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. संरक्षित स्मारकांसाठी २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. मंदिराच्या आतल्या प्राकाराची मापे सुमारे २४१ × १२२ मीटर आहेत. तेवढेच धरून चारी बाजूंना ३०० मीटर मोजले तर जवळजवळ अर्धा चौरस किलोमीटर क्षेत्र या नियमांखाली येते. हिशेब करून पाहा, कोपरे गोल धरा. नियम योग्यच आहे. पण त्या पट्ट्यात राहणाऱ्याला घराच्या दुरुस्तीसाठीही अर्ज करावा लागतो आणि ती किंमत तो एकटा देतो.

दुसरा, खंदक. खंदक हा पाण्याचा साठा आहे, इतिहास आहे आणि अनेक कुटुंबांचा पत्ताही आहे. तो मोकळा करायचा तर तिथली माणसे हलवावी लागतात. ज्यांचे काम, शाळा, ओळखीपाळखी कोटाच्या आसपास आहेत त्यांना शहराबाहेर काही किलोमीटरवर घर दिले, तर छप्पर मिळते आणि रोजगार जातो. गेडिस यांची पाहणी इथे लागू पडते. खंदकाचा प्रत्येक भाग सारखाच नसतो. कुठे पाणी वाहते करणे आवश्यक आहे आणि कुठे नाही, हे मोजल्याशिवाय किती घरे हलवावी लागतील हे सांगता येत नाही.

तिसरा, पसरण. शहर तिरुचिरापल्ली रस्त्याने आणि वल्लमच्या दिशेने वाढते ते जमिनीच्या दृष्टीने ठीक. पण वळणरस्ता झाला की त्याच्या कडेची भातशेतीही भूखंडांत विकली जाते. २०२० मध्ये तमिळनाडूने त्रिभुज प्रदेशासाठी संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा केला. त्याचा रोख मुख्यतः तेल-वायू उत्खनन आणि धातू वितळवण्यासारख्या उद्योगांवर आहे. एकेक एकर करून होणारी घरबांधणी हा वेगळा प्रश्न आहे आणि तो नगरनियोजनालाच सोडवावा लागेल.

चौथा, खात्यांमधला दुरावा. तंजावूरच्या मोठ्या मंदिराचा रथोत्सव सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. रथ चार राजवीदींतून निघतो, कारण त्या रस्त्यांवर रथ वळवता येतो. रथ हे त्या रस्त्याचे माप आहे. आता दुसरी घटना वाचा. २७ एप्रिल २०२२ रोजी पहाटे शहराजवळच्या कळिमेडू गावात देवाचा रथ उच्च दाबाच्या विजेच्या तारेला लागला आणि ११ जण मृत्युमुखी पडले, त्यात मुलेही होती. रस्त्याच्या कामामुळे त्याची पातळी वाढली होती, असे त्या वेळी सांगितले गेले.

तुमच्यापैकी काही जण पुढे रस्ते बांधतील, काही विजेच्या तारा ओढतील. जुन्या थरावर नवा थर टाकत गेले की रस्ता उंच होतो, तारेपासूनचे अंतर कमी होते आणि घराचा उंबरा खाली जाऊन पावसाचे पाणी आत येते. रस्त्याच्या कागदात तार नसते आणि तारेच्या कागदात रथ नसतो. कोणत्या दिवशी, कोणत्या रस्त्याने, किती उंचीचा रथ जातो, हे गावातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. ती माहिती नकाशावर आणणे हे नियोजनाचे काम आहे.

९. सारांश

सुरुवातीचा प्रश्न आठवा. मूळ काम संपलेली रचना कोणाच्या ताब्यात जाते? तंजावूरचे उत्तर असे की, बहुतेक वेळा कोणाच्याच नाही. तटाचे काम संपले तेव्हा खंदक बेवारस झाला. दरबार संपला तेव्हा जलसूत्राचा मार्ग माहीत असणारी माणसे गेली. रथ थांबला तेव्हा रस्त्याचे माप लोक विसरले. म्हणून शहराच्या कोणत्याही आराखड्याचा पहिला भाग हा असलेल्या रचनांची मोजणी असावा. काय आहे, कशासाठी होते, आज कोणाच्या उपयोगाचे आहे आणि त्याची जबाबदारी कोणावर, हे चार रकाने भरल्यावरच नवी रेष ओढावी.

या मोजणीची साधने दूर नाहीत. सरस्वती महालातले मोडी दप्तर मराठी जाणणाऱ्या विद्यार्थ्याला मोडी शिकून वाचता येईल. चोळ शिलालेख छापलेले आहेत. आणि बोळ तर पायाखालीच आहेत.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातली, मूळ काम संपलेली एक जुनी रचना निवडा (वेस, बारव, तलाव, खंदक, जकात नाका). वर दिलेले चार रकाने भरा.

२. तुमच्या घराजवळच्या एका जुन्या गल्लीची रुंदी दर दहा मीटरवर मोजा. ती कुठे अरुंद होते आणि का, हे तिथे राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

३. सातव्या भागातले उदाहरण तुमच्या गल्लीच्या खऱ्या मापांनी पुन्हा सोडवा. मग गेडिस यांच्या पद्धतीच्या चार मर्यादांपैकी कोणती तिथे सर्वांत जड ठरते ते सांगा.

४. तुमच्या गावच्या मिरवणुकीचा, पालखीचा, ताबुतांचा किंवा रथाचा मार्ग नकाशावर काढा. त्या मार्गावर विजेच्या तारा कुठे आडव्या येतात याची रस्त्यावरूनच पाहणी करा, तारांजवळ जाऊ नका. यादी ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लेखी द्या आणि पोच घ्या.